बिनकागदाची दवंडी

संध्याकाळी रेडिओवर कोकण किनारपट्टीचं हवामान सांगायला लागले की आमच्या घरात कुणी बोलायचं नाही. समुद्र आमच्यापासून किती लांब हे मला भूगोलाच्या पुस्तकामुळे माहीत होतं, पण माय आणि दादांना त्याच्याशी काही देणंघेणं नव्हतं. वडिलांना आम्ही दादा म्हणायचो. चुलीवर कण्या शिजत असायच्या, परातीत अंबाडीची भाजी निवडून ठेवलेली असायची, आणि रेडिओवरच्या बाई स्वच्छ आवाजात सांगायच्या की वारे अमुक वेगाने वाहतील, समुद्र खवळलेला राहील, मच्छीमारांनी समुद्रात जाऊ नये. दादा विडी हातात धरून ऐकायचे आणि शेवटी मान हलवायचे. "लय चांगली दवंडी हाय," म्हणायचे. "बघ सुमे, कुनाला सांगायलो, कुठं सांगायलो, काय करायचं न काय न्हाई करायचं, समदं चार बोलात. आमच्या गंगेचं असं कोन सांगनार?"

दादा गावचे कोतवाल होते, त्यामुळे त्यांचं हे कौतुक धंद्यातल्या माणसाचं होतं. तलाठ्याचा निरोप, लसीकरणाची गाडी, शेतसाऱ्याची मुदत, हरवलेली म्हैस, सगळं गावाला सांगायचं काम त्यांचं. आमच्या वस्तीनं हलगी केव्हाच सोडली होती. दादांनी कोतवालकी घेतली तीच मुळी हलगीला हात लावणार नाही असं सांगून. शाळेतली तडा गेलेली पितळी घंटा त्यांनी मागून घेतली होती आणि ती लाकडाच्या ठोकळ्यानं वाजवत ते गावातून फिरायचे. तिचा आवाज भांडं पडल्यासारखा यायचा. त्यावरून लोक चेष्टा करायचे, पण ऐकायचे.

आमचं गाव गंगेच्या काठावर, पालम तालुक्यात. नाव पिंपळगाव. आसपास पिंपळगावं बरीच, म्हणून लोक आम्हाला गंगेचं पिंपळगाव म्हणायचे. गंगा म्हणजे गोदावरी. पण गोदावरी हा शब्द फक्त शाळेत होता. गंगेला गेला, गंगेतली मासळी, गंगा चढली, गंगा आटली, असंच सगळे बोलायचे. जगाशी आमचा संबंध तीन गोष्टींनी जोडलेला होता. दुपारी बाराच्या सुमारास येणारी एसटी, त्या एसटीतून येणारा जिल्ह्याचा पेपर आणि आमचा रेडिओ. मला या तिन्हींचं फार प्रेम होतं आणि तिन्हींनी मला सारखाच त्रास दिला. एसटी पावसात चिखल झाला की तीन मैलांवरच्या फाट्यावरून परत जायची आणि पेपरही तिच्याबरोबर परत जायचा. तो आला तरी एकच यायचा, पोलीस पाटील माणिकरावांच्या ओट्यावर. ते मोठ्यानं वाचणार आणि आम्ही लांब उभं राहून ऐकणार. माझ्या हातात पेपर पडायचा तो चार दिवसांनी, किराणा बांधून आलेला. रेडिओ मात्र आमचा स्वतःचा होता. मामा मानवतला जिनिंगमध्ये कामाला होता, त्यानं नवा घेतला तेव्हा जुना आम्हाला दिला. त्याचे सेल कायम उतरलेले असायचे. माय ते काढून पत्र्यावर उन्हात ठेवायची. तापले की तासभर रेडिओ बोलायचा, मग त्याचा घसा बसायचा आणि नेमकं जे ऐकायचं तेच वाक्य आतल्या आत विरून जायचं. ती चिडचिड आजही माझ्या अंगात आहे. आज हातातल्या फोनवर जिल्ह्याच्या बातम्यांची चार चॅनेलं आहेत, तिथली पोरं लाल अक्षरं नाचवत ओरडत असतात, पण कुठला ओढा, कुठलं गाव, हे विचारलं तर सांगत नाहीत. त्यांचे सेल उतरलेले नसतात, एवढाच फरक.

त्या वर्षी मी पालमच्या शाळेत दहावीला होते. नागपंचमीची सुट्टी होती. आभाळ आठवडाभर भरलेलं होतं आणि सेलांना ऊन मिळालेलं नव्हतं. सकाळी दिल्लीहून मराठी बातम्या यायच्या. दादा चावडी झाडायला गेलेले होते. जाताना नेहमीसारखं सांगून गेले होते, "गंगेचं काही आलं तर लगोलग सांग." मी रेडिओ कानाला लावून बसले होते. खरखरीतून शब्द आले की गंगा नदी धोक्याच्या पातळीवरून वाहत आहे, काठच्या गावांतील नागरिकांना सुरक्षित स्थळी हलवण्याच्या सूचना देण्यात आल्या आहेत. पुढे काहीतरी गावाचं, प्रांताचं नाव होतं. ते रेडिओनं गिळलं.

नववीत सहामाहीच्या पेपरात मी गंगेच्या उपनद्या लिहून आले होते. यमुना, घाघरा, गंडक, कोसी. नकाशा काढला होता, त्याला मार्क मिळाले होते. तरी त्या क्षणी मला ती गंगा आठवली नाही. शाळेतली गंगा शाळेत होती आणि आमची गंगा घरामागे होती. दोघी माझ्या डोक्यात कधी एकमेकींना भेटल्याच नव्हत्या. मी अनवाणी पळत चावडीवर गेले.

"दादा, गंगा धोक्याच्या वर निघाली! रेडिओवर सांगितलं. काठच्या लोकांनी हलावं म्हणून."

दादांनी एकदाच विचारलं, "नीट ऐकलीस?"

"हो," मी म्हणाले.

त्यांनी झाडू टाकला आणि घंटा उचलली. "ऐका हो! गंगा धोक्याच्या वर निघालीय! रेडिओवर सरकारनं सांगितलंय! लेकरंबाळं, जनावरं घिऊन माळाला चला हो!" सकाळच्या वेळी घराघरांत पुरणाचं शिजत होतं. बायकांनी चुलीवरची भांडी तशीच डोक्यावर घेतली. धान्याची पोती बैलगाडीत पडली, कोंबड्या टोपल्यांखाली गेल्या, काशीबाईच्या म्हाताऱ्या सासऱ्याला बाजेसकट चौघांनी उचललं. तासाभरात खालची आळी रिकामी झाली आणि गाव माळावर जाऊन बसलं. वरून रिमझिम चालू होती. सगळे गंगेकडे बघत होते आणि गंगा नेहमीसारखी गढूळ, सुस्त, आपल्या दरडीत वाहत होती.

बाराची एसटी नेमकी त्या दिवशी आली. माणिकरावांनी माळावरच पेपर उघडला. वाचता वाचता त्यांचा चेहरा बदलला. मग त्यांनी मोठ्यानं वाचलं, प्रत्येक शब्द वेगळा करून. गंगेला महापूर, बिहारमध्ये.

मग कुणीतरी हसलं, आणि मग सगळाच माळ हसला. भिजलेली, उपाशी माणसं हसतात तसं.

"काय कोतवाल, बिहारची कोतवालकी बी तुमालाच दिली व्हय?" माणिकराव म्हणाले. "उद्या तिकडं बी हप्त्यातून एक चक्कर मारा."

काशीबाई हसत नव्हती. तिची एक कोंबडी टोपलीत गुदमरून मेली होती. ती कोंबडी तिनं दादांच्या पायापाशी आणून टाकली. "ही घ्या बिहारला," म्हणाली.

मी दादांच्या मागे उभी होते. मला वाटलं, आता हे सांगणार, पोरीनं सांगितलं म्हणून दवंडी दिली. शाळेत जाती, तिच्यावर इश्वास ठेवला. त्यांनी तसं काही सांगितलं नाही. "माझ्या कानानं ऐकलं व्हतं," एवढंच म्हणाले. पुढच्या बाजाराच्या दिवशी तलाठी साहेब आले, त्यांनी लेखी खुलासा मागितला. दादांना लिहिता येत नव्हतं. तो खुलासा मीच लिहिला, दादांनी सांगितला तसा. मी रेडिओ ऐकला, माझ्या ऐकण्यात चूक झाली. मी लिहिताना थांबले तर म्हणाले, "लिही की. तुझं नाव कामून आनायचं त्यात? तुला अजून शिकायचंय."

त्या दिवसापासून दादांचं नाव बिहार पडलं. गंगेवर नावेत बसले की नावाडी मारोतीमामासुद्धा विचारायचा, "बिहार, पल्याड पाटण्यात उतरायचं का?" दादा हसायचे. पण घरी आल्यावर जेवताना बोलायचे नाहीत. आणि तलाठी साहेबांनी एक हुकूम काढला, तो खरा जिव्हारी लागला. यापुढे शिक्क्याच्या लेखी कागदाशिवाय कोतवालानं कोणतीही दवंडी द्यायची नाही. तलाठी साहेबांकडे पाच गावं होती, ते राहायचे पालमला आणि आमच्याकडे यायचे आठवड्यातून एकदा. म्हणजे म्हैस सोमवारी हरवली तर तिची दवंडी शनिवारी. दादा घंटा खुंटीला लावून तिच्याकडे बघत बसायचे. मला स्वतःचा राग यायचा, रेडिओचा यायचा, आणि सगळ्यात जास्त त्या किनारपट्टीचा यायचा. तिला रोज संध्याकाळी नाव घेऊन सांगणारं कुणीतरी होतं. आमच्या काठाला एक दादा होते, त्यांचंही तोंड आता बांधलं गेलं होतं.

पोळा जवळ आला होता. पाऊस थांबून बरेच दिवस झाले होते, कडक ऊन पडत होतं, कापसाच्या खुरपण्या चालू होत्या. तो रविवार होता म्हणून मी घरी होते. सकाळी मारोतीमामा आमच्या दारात आला. आज तो चेष्टेच्या सुरात नव्हता.

"कोतवाल, जरा गंगेवर या."

दादा गेले, मीही मागे गेले. पाण्याचा रंग बदलला होता. वर फेस होता आणि फेसात बाभळीचे काटे, कडबा, कुणाच्या तरी छपराचं गवत वाहत होतं. आभाळात ढगाचा ठिपका नव्हता आणि पाणी आम्ही उभे असताना मारोतीमामाच्या नावेच्या खुंट्यावर वीतभर चढलं. वरच्या धरणातून सोडलं असणार, मारोतीमामा म्हणाला. दादांनी चप्पल हातात घेतली आणि पळायला लागले. मी त्यांना त्याआधी कधी पळताना पाहिलं नव्हतं.

घंटा वाजली तसे लोक दारात आले, पण हसत आले. माणिकराव चावडीसमोर उभे होते.

"कागद हाय का?"

"न्हाई. आज तलाठी कुठलं? आयतवार हाय."

"मग गप बसा."

"पाटील, डोळ्यानं बघून यायलाव की! पानी चढायलंय!"

"मागच्या येळी कानानं ऐकलं व्हतं. आता डोळ्यानं बघायलाव. पुढच्या येळी नाकानं वास घ्या." लोक खदखदून हसले. "पाऊस न्हाई, पानी न्हाई, न ह्याला रोज पूर यायलाय."

दादांनी हात जोडले. मारोतीमामानं शपथ घेतली. काशीबाई दारातूनच म्हणाली, "माझ्या अजून तीन कोंबड्या हायेत, न्हाई येत मी." आणि आत गेली. तिचं घर खालच्या आळीत सगळ्यात शेवटी, गंगेला लागून होतं. बाजेवरचा म्हातारा आत होता.

दादा घरी आले. त्यांना धाप लागली होती. "सुमे, घरात शिक्क्याचा कागद हाय का?"

"कसला शिक्क्याचा?"

"कसला बी. गोल शिक्का पायजे."

बसच्या पाससाठी शाळेतून काढलेलं बोनाफाईड माझ्या दप्तरात होतं. मुख्याध्यापकांची सही, खाली जांभळा गोल शिक्का. मी ते दिलं. काय करणार हे मला तेव्हा कळलं नाही, कळलं असतं तर भीतीनं दिलंच नसतं. दादा चावडीकडे गेले नाहीत. ते मागच्या बोळातून थेट खालच्या आळीत उतरले, मी त्यांच्या मागोमाग. तिथे वाचता येणारं जवळजवळ कुणी नव्हतं. त्यांनी कागद डोक्यावर धरला, घंटा माझ्या हातात दिली आणि ओरडले, "कागद आला हो! सायबाचा कागद आला! चला माळाला!"

काशीबाईनं कागदाकडे पाहिलं, शिक्क्यावर बोट टेकवलं आणि बाज उचलायला माणसं हाकारली. तेच पाणी, तोच माणूस, तेच शब्द. फरक फक्त त्या जांभळ्या गोलाचा. खालची आळी हलली तशी मधली हलली. माणिकराव ओट्यावरून ओरडले, "दाखवा इकडं कागद!" दादांनी लांबूनच हात उंच केला. गर्दीत पाटलांना वाटेतून खाली येता आलं नाही.

दुपारपर्यंत खालच्या आळीत कमरेइतकं पाणी होतं. काशीबाईच्या घराची भिंत बसली, आमचीही मागची भिंत गेली. माणूस एकही गेला नाही, जनावरं दोनचार गेली. माळावर या वेळी कुणी हसलं नाही. कुणीतरी चूल मांडली, पिठलं केलं, आम्हालाही भाकरी दिली. मी ती खाताना दादांकडे बघत होते. मला वाटत होतं, आता बिहार हे नाव जाईल.

दोन दिवसांनी पाणी ओसरलं आणि तलाठी साहेब चिखल तुडवत आले. लोकांनी त्यांना घेरलं. काशीबाईनं त्यांच्या पाया पडायला वाकून म्हटलं, "साहेब, तुमचा कागद येळेवर आला म्हनून माझा म्हातारा वाचला." चारचौघांनी तेच सांगितलं. साहेबांचा कागद, साहेबांचे उपकार. साहेब गोंधळून एकेकाकडे बघत होते. "मी कुठला कागद दिला?"

दादांनी खिशातून तो भिजून वाळलेला कागद काढला. साहेबांनी उलगडला आणि, का कोण जाणे, मोठ्यानं वाचला. कुमारी सुमन ही या विद्यालयाची नियमित विद्यार्थिनी असून तिची वर्तणूक चांगली आहे.

गाव पुन्हा हसलं. वाचलेलं गाव, माझ्या वर्तणुकीच्या दाखल्यावर वाचलेलं. दादाही हसले. मला मात्र त्यांच्या तोंडावर हात ठेवावासा वाटला. कारण साहेब हसत नव्हते. दुसऱ्या कार्यालयाचा शिक्का दाखवून लोकांची दिशाभूल केली, लेखी हुकूम मोडला, म्हणून त्यांनी तिथल्या तिथे दादांकडे पुन्हा खुलासा मागितला, या वेळी थेट तहसीलदारांच्या नावानं. दादांना वाचवायला माणिकरावांना पुढे येता आलं असतं. ते पेपर चाळत राहिले.

मागची भिंत पडलेल्या घरात, उघड्यावर, मी वही घेऊन बसले. समोर दादा. त्यांनी शांतपणे सांगितलं, "लिही. पहिल्या येळी मी ऐकलेलं सांगितलं, ते खोटं निघालं. माझी चूक. दुसऱ्या येळी मी बघितलेलं सांगितलं, ते खरं निघालं. तरी जबाब मलाच. मंग सायबांनी मला एक गोष्ट सांगावी. गंगा घरात यायली असली न कागद पालमला असला, तर मी कुनाकडं बघायचं? हे सायबांनी लिहून द्यावं, मी तसं करीन."

मी पेन उचललं आणि माझा हात थांबला. नोकरी गेली तर शाळा गेली, हे मला कळत होतं. मायनं दोनदा तसं म्हटलंही होतं. शाळेत आम्हाला अर्ज लिहायला शिकवले होते. माननीय साहेब, विनंती विशेष, आपला आज्ञाधारक. मी लिहिलं की माझ्याकडून अज्ञानाने गंभीर चूक झाली आहे, मी अशिक्षित आहे, पुन्हा असे होणार नाही, एक वेळ क्षमा करावी. दादांचा एकही शब्द घेतला नाही. त्यांनी विचारलं, "सगळं घातलंस?" मी हो म्हणाले. त्याच आवाजात, जो आवाज चावडीवर होता. त्यांनी शाईत अंगठा बुडवला आणि माझ्या वाक्यांखाली टेकवला.

नोकरी राहिली. मी शिकले, पदवी घेतली, आमच्या घरातली पहिली. जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरीण झाले. या सगळ्याबद्दल मी कृतज्ञ आहे, त्या नोकरीबद्दल, त्या शाळेबद्दल, पाससाठी बोनाफाईड देणाऱ्या मुख्याध्यापकांबद्दलही. पण दादा इतकी वर्षं वाट बघत राहिले, हे मी कृतज्ञतेच्या कुठल्या खान्यात घालू? ते तहसीलला गेले की कारकुनाला विचारायचे, "माझ्या इचारल्याला सायबांनी काय लिहिलं?" कारकून म्हणायचा, येईल. नावेत बसले की लोकांना अभिमानानं सांगायचे, मी तहसीलदाराला सवाल लिहून धाडलाय. मला ते ऐकावं लागायचं. खरं सांगायचं मी रोज ठरवायचे आणि रोज पुढे ढकलायचे. तहसीलदारांवर, तलाठ्यावर, पेपरवाल्या पाटलांवर मी आयुष्यभर चिडत आले. त्या चिडण्यात माझी एक सोय होती, हे आता कळतं.

दादा निवृत्त झाले तेव्हा कागदपत्रं घ्यायला एकटेच तहसीलला गेले. नवा कारकून तरुण होता, चांगल्या मनाचा असावा. दादांनी त्याला तोच प्रश्न विचारला आणि त्यानं खरोखर जुनी फाईल शोधून काढली. त्यांच्यासमोर बसून तो खुलासा पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचून दाखवला.

मी त्या दिवशी सुट्टी घेऊन घरी आले होते. मायनं मासळी केली होती. दादा आले, पाय धुतले, ताटावर बसले. कारकुनानं फाईल वाचली, असं त्यांनी सांगितलं आणि मी जेवता जेवता थांबले. त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला.

"तुझं अक्षर लय चांगलं हाय म्हनला," ते म्हणाले, आणि जेवायला लागले.